अमारेत्तीच्या जोड्या

उरणजवळच्या द्रोणागिरीतल्या आमच्या सोसायटीच्या गेटवर टॅक्सी उभी होती आणि अम्मी पुन्हा पुन्हा तेच बजावत होती, "सलमा, तिकडे काय पण खाताना विचारून खा. लाजू नको." माझ्या नवऱ्याला, यासीनला, इटलीतल्या जेनोव्हा बंदरात नोकरी लागली होती. अब्बांनी बॅगा डिकीत ठेवल्या आणि ते रस्त्याकडे बघत उभे राहिले. माझ्याकडे बघितलं असतं तर दोघंही रडलो असतो.

जेनोव्हात खालच्या मजल्यावर रोझा नावाच्या आजी एकट्याच राहायच्या. जेवणानंतर त्या अमारेत्तोचा छोटा ग्लास घ्यायच्या. अमारेत्तो म्हणजे बदामाच्या वासाची गोड दारू. एकदा त्यांनी मला बशीभर बिस्किटं आणून दिली. तोंडाशी नेलं तर हुबेहूब तोच वास! मी बशी परत केली. मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये म्हटलं, "आम्ही दारू घेत नाही."

आजींचा चेहरा उतरला. मग माझा हात धरून त्या मला थेट त्यांच्या किचनमध्ये घेऊन गेल्या आणि माझ्या डोळ्यांसमोर नवा घाणा केला. बदामाची पूड, साखर, अंड्याचा पांढरा भाग आणि वासापुरता कडू बदाम. बस्स. दारूचा थेंब नाही. या बिस्किटांना अमारेत्ती म्हणतात. वरून कुरकुरीत, आत चिवट. त्या दिवशी मी किती खाल्ली ते विचारू नका. परक्या गावात पोटभर हसले ती त्या दिवशीच पहिल्यांदा.

गेल्या वर्षी माझ्या भावाचं, इम्रानचं, लग्न ठरलं. आजींना सांगितलं तर म्हणाल्या, "मीपण येते." जन्मात विमानात न बसलेली बाई!

मेंदीच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं होतं. आजींनी सोनेरी कागदातली भेट अब्बांच्या हातात दिली. अब्बांनी सगळ्यांसमोर कागद सोडला. आत अमारेत्तोची बाटली! मामूंच्या भुवया वर गेल्या. आजी मात्र कौतुकाच्या अपेक्षेनं हसत होत्या.

अब्बांनी बाटली दोन्ही हातांनी नीट धरली. "सलमा, त्यांना सांग, एवढ्या लांबून आमची आठवण ठेवून आणलंत, फार बरं वाटलं." मग ते शेजारच्या जनार्दनकाकांकडे वळले. काका उरणचेच आगरी, अब्बांचे लहानपणापासूनचे दोस्त. "जनार्दन, ही घरात ठेवता येत नाही आणि परत देववत नाही. काय करू?"

"मंग मना दे! पाव्हनीचा मान राखाला मी हाय ना!"

सगळा हॉल हसला. मामूसुद्धा. मी आजींना खरं काय ते सांगितलं. त्यांना वाटलं होतं, दारू फक्त मी आणि यासीनच घेत नाही. त्या आधी लालबुंद झाल्या, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. लगेच दुसरी पिशवी उघडली. रंगीत कागदात दोन-दोन गुंडाळलेल्या अमारेत्ती, नवरा-नवरीसारख्या जोडीजोडीनं. पण आमच्या खाडीच्या हवेनं त्या पार नरम पडल्या होत्या.

अम्मीनं एक खाल्ली. "ही तर नानकटाईची बहीण," ती म्हणाली, "फक्त हवा लागलीये." संध्याकाळी त्या दोघी अमारेत्ती पुन्हा भाजून घ्यायला बाजारातल्या बेकरीवाल्याच्या भट्टीसमोर उभ्या होत्या. अम्मी त्याला हिंदीत दम देत होती, आजी इटालियनमध्ये. निकाहनंतर प्रत्येक पाहुण्याच्या हातात पुन्हा कुरकुरीत झालेली एकेक जोडी पडली.

आता आम्ही जेनोव्हात परत आलोय. अम्मीचा व्हिडिओ कॉल आला की माझी चौकशी दोन मिनिटांत संपते. "रोझाला दे," म्हणते. सुरुवातीला मी मधे बसून भाषांतर करायचे. एकदा चहा ठेवायला उठले, परत आले तर दोघींचं माझ्याशिवाय झकास चाललेलं, आपापल्या भाषेत. तेव्हापासून मी मधे पडत नाही. नुसती ऐकत बसते. "घरची आठवण येते का?" असं इथं कुणी विचारलं की हल्ली मलाच उलट विचारावं लागतं, "कुठल्या घरची?"