टॉवेल टाकून धरलेली खिडकी

सोलापूर स्टँडवर पुण्याच्या एसटीत टॉवेल टाकून मी खिडकी धरली. शेजारच्या पोरीलाही तीच हवी होती. मी म्हटलं, "न्हाय उठणार. काम काय करतीस तू?"

"क्वांटम चिपवर एकेक इलेक्ट्रॉन जागेवर बसवते, आजोबा. एकाचं व्होल्टेज बदललं की शेजारचा हलतो. हातानं करायला कित्येक दिवस लागतात, म्हणून आम्ही ते कॉम्प्युटरला शिकवतो."

"मग मला हलवून दाखव की."

ती हसली. हात लांबवून तिनं काच बोटभर सरकवली आणि माझ्या तोंडाकडं पाहिलं. परत सरकवली, परत पाहिलं. कधी धूळ, कधी उकाडा. मोहोळ यायच्या आत मीच म्हटलं, "बस बाई तूच हितं."

खिडकीशी बसत ती म्हणाली, "कॉम्प्युटर असंच करतो. थोडं हलवायचं, बघायचं, परत हलवायचं."

मी माझ्या मर्जीनं उठलो, हे तिला पुण्यापर्यंत सांगत होतो.