न भिजवलेले तांदूळ

ओढ्यावर सासूबाईंचा सिन, कमरेला गुंडाळायचं वस्त्र, दालावनने धुऊन पिळला होता, माझा अजून पाण्यातच होता. तेवढ्यात वरच्या वाटेवरून गावप्रमुखाच्या बायकोने हाक मारली, "मास्तरीणबाई, दुपारी बोचकं आवरा. शाळेमागची खोली झाडून ठेवलीय."

"बरं मावशी," दालावन म्हणाली आणि माझा सिन दगडावर घासू लागली. मी शेजारीच भाजी धूत होते. माझ्याने तिच्याकडे बघवेना.

ही मुलगी राजधानीतली, व्हिएंतियानची. आमच्या डोंगरातल्या मुलांना वर्षभर बिनपगारी शिकवायला चार महिन्यांपूर्वी आली आणि आमच्याकडे राहिली. तेव्हा तिला चूलही पेटवता येत नव्हती. खांद्यावरच्या काठीला डबे अडकवून पाणी आणताना अर्धं वाटेतच सांडायचं. सासूबाई म्हणायच्या, "रस्त्याला पाजून झालं असेल तर माठातही दोन थेंब टाक गं." ती हसायची आणि पुन्हा ओढ्यावर जायची. वाफेवरच्या टोपलीतला चिकट भात एका झटक्यात खालचा वर करायचा असतो. पहिल्यांदा तिने तो सगळा कोंबड्यांच्या अंगावर उलटला! कोंबड्या खूश. तिसऱ्या महिन्यात मात्र सासूबाई तिच्या हातचा भात काही न बोलता खाऊ लागल्या. त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी मला वीस वर्षांत मिळालेली नाही.

काल संध्याकाळी तिने विचारलं, "ताई, उद्याचे तांदूळ भिजत घालू?"

आज पौर्णिमा, आणि सासऱ्यांना जाऊन वर्ष झालं. त्यांच्या नावाने भिक्षूंना भात द्यायचा होता. असं काम दुसऱ्यावर कसं सोडायचं? "मी घालते, तू मुलांच्या वह्या बघ," मी म्हणाले. मग बुद्धापुढे बसले, पाठ म्हटले, नंतर ही वही लिहिली. तांदूळ राहिले ते राहिलेच. रात्रभर भिजले नाहीत तर कितीही वाफ द्या, दाताखाली वाळूच.

पहाटे सासूबाईंनी बादलीत हात घातला. रिकामी.

"भिजवायचं कुणाकडे होतं?"

मी खांद्यावर ओढणी घेत होते. दालावनने माझ्याकडे पाहिलं. मी ओढणीची घडी सारखी करत राहिले. किती वेळ? एक श्वास, दोन श्वास. मग तीच म्हणाली, "माझ्याकडून राहिलं, आजी."

भिक्षू आले तेव्हा शेजारच्या बुआवान काकूंनी आपल्या टोपलीतला मूठभर भात आम्हाला दिला. सासूबाईंनी तो भिक्षापात्रात घातला. पुण्य गेलेल्या माणसाला पोचावं म्हणून झाडाच्या मुळाशी पाणी ओततात, ते त्यांनी ओतलं. "लोकाच्या घरचा भात," त्या पुटपुटल्या. "म्हातारा म्हणेल, बायकोनं मला एक मूठ शिजवली नाही."

भिक्षा घालायला रांगेत बसलेल्या बायकांना विषयच मिळाला. "शहरात भात दुकानात उगवतो, बाई!" "हिचा नवरा तांदूळ चघळूनच म्हातारा होणार." दालावन मान खाली घालून बसली होती. उठता उठता सासूबाईंनी गावप्रमुखाच्या बायकोला सांगितलं, "ही माझ्या चुलीपाशी नको."

नंतर मठात पंचशील घेतलं. 'खोटं बोलणार नाही' हे मी सगळ्यांबरोबर मोठ्याने म्हटलं. मी कुठे खोटं बोलले, मी तर गप्प होते, अशी मनाची समजूतही घातली. बुद्धासमोर बसून!

ओढ्यावर मी शेवटी तोंड उघडलं. "दाला, माझ्यासाठी तू कशाला..."

"तुमच्यासाठी नाही, ताई. भिक्षू दारात येत होते, आजी रडकुंडीला आलेल्या. कुणीतरी पटकन हो म्हणायला हवं होतं. वाटलं, भिक्षू गेले की तुम्ही सांगाल." तिने सिन पिळला. "मठातून येताना वाटलं. जेवतानाही वाटलं."

भाजी तिथेच टाकून मी घरी आले. सासूबाई जिन्याखाली सुपारी कुटत बसल्या होत्या. त्यांच्यापुढे गुडघे टेकले, हात जोडले.

"आई, तांदूळ मी विसरले. पोरीनं विचारलं होतं, मीच नको म्हणाले."

कुटणं थांबलं. "आजच्या दिवशी विसरलीस?"

"हो."

"आणि ती माझी बोलणी खात होती तेव्हा तू काय करत होतीस?"

"ओढणी सारखी करत होते."

त्यांनी खलबत्ता बाजूला सारला. "म्हाताऱ्याचं मी बघते. उद्याचे तांदूळ माझ्या हातानं भिजवीन. पण तिला नावं काय मी एकटीनं ठेवली? मला कोपऱ्यात सांगून मोकळी होऊ नकोस."

तेवढ्यात दालावन ओले कपडे घेऊन आली. सासूबाई ओरडल्या, "ए पोरी, दाराशी बांधून ठेवलेलं ते बोचकं सोड! आणि पुन्हा दुसऱ्याची चूक अंगावर घेतलीस तर काठी घेईन."

"खोली झाडून ठेवलीय म्हणतात, आजी."

"मग तिथं सरपण ठेवतील."

मी दालावनची माफी मागितली. ती "हं" म्हणाली आणि बांबूवर माझा सिन नीट पसरला, एकही सुरकुती राहू दिली नाही. ते मला जास्त लागलं. बोचकं मात्र तिने सोडलेलं नाही. दाराशी तसंच बांधलेलं आहे, आणि ते का, हे मला कळतं.

आता गावप्रमुखाच्या घरी जायचं आहे. दुपारी त्याच्या ओट्यावर सगळ्या बायका सूत कातायला जमतात. त्यांच्यासमोर सांगायचं आहे की तांदूळ भिजवायचं काम माझं होतं.