उन्हात ठेवलेली सिंफनी

परदेशी शास्त्रीय संगीत ऐकायची माझी रीत जरा हटवादी आहे. एक संगीतकार धरायचा, त्याच्या रेकॉर्डी जमवायच्या आणि पहिल्या रचनेपासून शेवटच्या रचनेपर्यंत त्याच्यासोबत म्हातारं होत जायचं. मध्येच दुसऱ्याकडे वळायचं नाही. मुंबईपासून दूर, मांडवीतल्या आमच्या घरात या हट्टाला कोणी भीक घालत नाही. बायको तर या संगीताला 'तुमचे ढग' म्हणते. गडगडतात फार, पडत काहीच नाही.

अलीकडे मी एका ऑस्ट्रियन संगीतकाराच्या नादी लागलो होतो. काय माणूस! लोकांनी नावं ठेवली की खचायचा, जुनं पुन्हा लिहायला घ्यायचा, आणि तरी पुढची सिंफनी आधीपेक्षा मोठीच रचायचा. त्याची फक्त शेवटची ऐकायची राहिली होती. मोबाईलवर सहज मिळाली असती, पण मी हट्टाने थांबलो. अखेर मुंबईच्या एका जुन्या रेकॉर्डवाल्याने ती बसने पाठवली.

मे महिना होता. मी बाजारातून येईपर्यंत बायकोने पार्सल उघडलं होतं. आमच्याकडे पावसाळ्याआधी कुबट वासाच्या प्रत्येक वस्तूला ऊन दाखवतात. गाद्यांना, सुपांना, लग्नातल्या शालूलासुद्धा. तिने रेकॉर्ड कव्हरातून काढून गच्चीवर आमसुलांशेजारी वाळत घातली होती. मी वर गेलो तेव्हा तिची कड पापडासारखी उचलली होती. मला अक्षरशः रडू आलं.

रेकॉर्ड दोन काचांमध्ये घालून वर तांदळाचं पोतं ठेवलं आणि काही दिवसांनी लावून पाहिली. कडेला सुई नुसती उड्या मारत होती. आतल्या भागात मात्र ती टिकली आणि दुसऱ्या बाजूचा शेवट जवळजवळ अखंड ऐकू आला. इतकं धीराचं संगीत मी त्याच्याकडूनही ऐकलं नव्हतं. मरण दारात उभं असताना या माणसाला कसली घाई नव्हती. बायको आमसुलं निवडायला बसली होती, तिचे हात थांबले.

"पुढचं?" तिने विचारलं.

"पुढचं नाही. लिहिता लिहिताच गेला तो."

"म्हणजे अर्धवटच ठेवलंन?"

मी मान हलवली.

"त्याचं राहिलं ते राहिलं," ती म्हणाली. "मी बिघडवलेलं तरी पुरतं ऐकूया. मागवा दुसरी."