डांगरीवाला मामा

कुणी नवा शर्ट दाखवला की आमचा मामा आधी शिवणीतला एक धागा उपटायचा आणि त्याला काडी लावायचा. माझं लग्न ठरत होतं तेव्हा सतीशच्या, म्हणजे होणाऱ्या जावयाच्या शर्टाचाही धागा त्याने भर बैठकीत जाळला. राख झाली तर मान डोलवायची, काळी गोळी होऊन बोटाला चिकटली तर म्हणायचं, "हे कापड नव्हे, डांबर." आईने कपाळावर हात मारला होता.

मामा बडोद्याजवळ नंदेसरीच्या एका केमिकल कारखान्यात फिटर. अंगात बारा महिने निळी सुती डांगरी, गळ्यापासून घोट्यापर्यंत एकच जाड कपडा. बडोद्याच्या मे महिन्यातसुद्धा! "पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, त्यांना ढाल होती. मला ही आहे," अशी फुशारकी वर.

डांगरी म्हणजे काय, हे त्याने आम्हाला शंभरदा ऐकवलं असेल. "मुंबईत डोंगरीला हे जाडंभरडं कापड विकायचे. गोऱ्या खलाशांनी कापड नेलं, गावाचं नावही नेलं, आणि साहेबाचा शब्द म्हणून आपल्यालाच परत आणून दिलं. गरिबाचं कापड आहे गं. पेटतं, पण माणसाला धरून बसत नाही." आगीत त्याच्या एका जोडीदाराच्या पाठीवरून वितळलेला शर्ट सोलून काढावा लागला होता, हे आम्हाला माहीत होतं.

लग्नानंतर सतीशही त्याच कारखान्यात लागला. पुढे तिथे नवे गणवेश आले, हलके, चकचकीत, इस्त्री न लागणारे. सगळे खूश. मामाने धागा जाळला आणि काडी विझली तरी बोटावरच्या गोळीकडे बघत बसला. दुसऱ्या दिवशी तो डांगरीतच गेला. गेटवरचा माणूस म्हणाला, "मामा, नवो ड्रेस पहेरो ने, ऑर्डर छे." मामा साहेबांपर्यंत जाऊन भांडला आणि अर्ध्या दिवसाची रजा लागून घरी आला.

त्या संध्याकाळी तो गोत्रीला आमच्याकडे आला, हातात धुतलेली डांगरी. एकच धड उरली होती, दुसरीच्या केव्हाच चिंध्या झाल्या होत्या.

"जावईबापू, हे आतून घालायचं. वरून त्यांचं सोंग."

"मामा, उकडून मरेन हो मी!"

"उकडून कुणी मरत नाही."

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मी नवी शिवायला टाकतो." जाताना दारात थांबून म्हणाला, "पोरी, रोज बघत जा, आत घातलीये का."

सतीशला ती आखूड व्हायची, घोटे उघडे पडायचे. मी हसायचे, तो चिडायचा, पण घालायचा.

मामाची नवी डांगरी शिंप्याकडेच राहिली. पंपाजवळ भडका उडाला तेव्हा दोघं शेजारीशेजारी होते. सतीशचे हात आणि घोटे भाजले. मामाला सयाजीगंजच्या दवाखान्यात बघितलं, तेव्हा त्याच्या अंगावरचा गणवेश कुठे संपतो आणि मामा कुठे सुरू होतो, ते कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मामा गेला. माझा मामा गेला हो!

सतीश अजून तिथेच जातो. पोट आहे. गेल्या आठवड्यात पुन्हा नवे गणवेश आले, या वेळी करड्या रंगाचे. "या वेळचे चांगले आहेत म्हणतात," तो म्हणाला. मी शिवणीतून धागा उपटला, काडी लावली आणि बोट पुढे केलं.

गोळी झाली. मी खुंटीवरची मामाची होरपळलेली डांगरी काढून त्याच्या हातात दिली, आणि तो घालू लागला.