आवाजाचा स्टो

सरू गेली तेव्हा शालूबाई रडली नाही. पाच वर्षांची पोर, विषमज्वरात आठवडाभर तापली आणि गेली. बायका म्हणाल्या, धक्का बसलाय, दोन दिवसांत रडंल. पावसाळा सरला, भातं कापून झाली, तरी शालूबाईचे डोळे कोरडेच. कुणी जेव म्हटलं की जेवायची, नीज म्हटलं की निजायची.

तिचा नवरा गेणू लोणावळ्याला रेल्वेत मुकादम होता. घाटातल्या रुळांखालची खडी ठोकणारी टोळी त्याच्या हाताखाली. चाळीतल्या दोन खोल्यांत तो, शालूबाई आणि त्याची आई धोंडाबाई अशी तीनच माणसं उरली. शालूबाई चुलीपुढं बसायची आणि बसूनच राहायची. लाकडं विझायची, भात अर्धाकच्चा राहायचा. गेणू तसाच गिळायचा. बायकोशी काय बोलावं हे त्याला उमगत नव्हतं. म्हणून तो लाकडांवर बोलायचा. "वली हायती. धूर लय करत्यात."

एका बंगल्यावरच्या आचाऱ्यानं त्याला सांगितलं की आता चांगले लोक चूल ठेवत नाहीत, परदेशी पितळी स्टो घेतात. ते गेणूच्या मनानं धरलं. गावाकडच्या शेतातला त्या सालचा सगळा आंबेमोहोर तांदूळ त्यानं कामशेतच्या व्यापाऱ्याला घातला आणि रविवारी शालूबाईला घेऊन बाजारात गेला. धोंडाबाई म्हणाली, "पोर गेली आन् ह्यास्नी स्टो सुचतोय." शालूबाईनं ऐकलं आणि चपला घातल्या.

दिवे आणि स्टो विकणारा बोहरी दुकानदार म्हातारा, अदबीचा होता. त्यानं दोन स्टो फळीवर मांडले. दोन्ही सोन्यासारखे झळकत होते. एकाला वर जाळीची टोपी होती.

"हा मुका," तो म्हणाला. "शेजारी मूल निजलं असलं तरी जागं होत नाही. बंगल्यातल्या बाया हाच नेतात."

गेणूनं मान खाली घातली. दुकानदाराला काय माहीत.

"आनि त्यो?" शालूबाईनं विचारलं. घराबाहेर महिन्या-दोन महिन्यांत तिनं तोंड उघडलेलं हे पहिलंच.

"तो मोठ्या टाकीचा. आच जबर, पण ओरडतो फार."

"पेटवून दावा."

दुकानदारानं वाटीत स्पिरिट ओतून काडी लावली, बर्नर तापू दिला, मग पंप मारला. निळी ज्योत उठली आणि दुकान घरघरून गेलं. रस्त्यावरचा टांगा दिसत होता, पण त्याच्या घुंगरांचा आवाज पुसला गेला. गेणू काहीतरी म्हणत होता. त्याचे ओठ हललेले तिला दिसले.

दुकानदारानं चावी फिरवून हवा सोडली.

"ह्योच द्या," शालूबाई म्हणाली.

"अगं, मुका घे की. त्यो बरा." गेणू म्हणाला.

"ह्योच."

का ते तिनं सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटतही नव्हतं. घरी मात्र कुणी भेटायला आलं की ती उठून स्टो पेटवायची. अजून माणसं येत होती, गावाकडची, चाळीतली. धोंडाबाई पदर तोंडाला लावून हंबरडा फोडायची आणि येणारी बाई समजूत घालायची, "पोरगीच व्हती. देवानं वझं उचललं म्हनायचं." हे वाक्य शालूबाईनं किती तोंडांतून ऐकलं होतं. त्यावर तिला राग येत नसे, दुःखही होत नसे. दगडावर पाणी पडावं तसं ते पडायचं. पण आता स्टो घरघरायचा आणि तेवढंही कानावर यायचं नाही. भात मऊ शिजू लागला. गेणूला वाटलं, लाकडांचाच त्रास होता.

एक दिवस दुपारी पाहुणी गेल्यावर धोंडाबाई आतल्या खोलीत आली आणि स्टोपाशी बसली. काहीतरी बोलू लागली. शालूबाई बघत राहिली. म्हातारीनं पदर तोंडाला लावला नव्हता. शालूबाईनं चावी सैल केली. सुस्कारा सोडून स्टो विझला.

"काय म्हनलात, आत्याबाई?"

"म्हनलं, मला बी आता रडू येत न्हाई," धोंडाबाई म्हणाली. "मानसं येत्यात, मंग रडावं लागतं. तुज्यावानी गप बसाया मला जमत न्हाई. तू मला काय म्हनत असशील?"

"काय बी न्हाई म्हनत."

"खरं सांग."

"खरंच. माज्या मनात कायबीच येत न्हाई."

मग म्हातारी म्हणाली, "भूक लागलीया." शालूबाईनं तिला अर्धवट शिजलेलाच भात वाढला, त्यावर आमटी घातली, आणि स्वतःलाही घेतला. त्यानंतर कुणी भेटायला आलं तर धोंडाबाईच दारातून सांगायची, "सून कामात हाय, मी बी कामात हाय." हळूहळू माणसं यायची थांबली.

तीन वर्षांनी शालूबाईला दुसरी मुलगी झाली. बारशाच्या दिवशी धोंडाबाई म्हणाली, "सरूच परत आली. सरूच नाव ठिवू."

शालूबाईनं बाळाकडं बघितलं. तिला फार काही वाटलं असं नाही.

"न्हाई, आत्याबाई," ती म्हणाली. "सरू झाली आन् गेली. हिचं नाव नंदा."