फोनात पडून असलेला माल

माझ्या घरात मी एकटा राहतो आणि माझ्या फोनात जागा नाही.

घर नवीन पनवेलला, तिसऱ्या मजल्यावर. बायको गेली त्याला चार वर्षं झाली. वैशाली, आमची एकुलती एक मुलगी, कॅनडात. घरात आवाज करणारा असा एकच जीव, तो म्हणजे फ्रीज! आणि अशा घरात एका सकाळी फोन मला सांगतो, 'जागा शिल्लक नाही.'

वैशालीनं नातीचा व्हिडिओ पाठवला होता. मीरा पहिल्यांदा चालली! मी बोट ठेवलं की नुसतं चक्र गरगर फिरायचं आणि मागे एक धुरकट चौकोन दिसायचा. (निळसर काहीतरी होतं. फ्रॉक असावा. किंवा सोफा.)

"बाबा, पाहिलात?" वैशालीनं फोनवर विचारलं.

"पाहिला की! काय चालते गं!"

"शेवटी काय करते ते पाहिलंत ना?"

"तेच तर! तेच तर भारी!"

शेवटी ती काय करते याची मला सुतराम कल्पना नव्हती. खरं सांगता आलं असतं. पण दिवाळीच्या संध्याकाळी वैशालीनं माझा व्हिडिओ कॉल घेतला नव्हता, तेव्हापासून मी घुश्श्यात होतो. आणि घुश्श्यातल्या माणसानं मदत मागायची नसते. (नियम माझाच.)

मग जागा मीच करायची ठरवली. न्हावा शेव्याच्या एका कंटेनर यार्डात मी तीस वर्षं कारकुनी केलीय. तिथला पहिला धडा हा, की मालकाला विचारल्याशिवाय माल हलवायचा नाही. फोनात बघतो, तर सगळा लोकांचाच माल! चिरनेरच्या बाळारामच्या, म्हणजे माझ्या चुलतभावाच्या, घरभरणीचे एकशे चाळीस फोटो. उरणच्या सुमनच्या, म्हणजे धाकट्या बहिणीच्या, नातवाच्या बारशाचे दोनशे. कोणाची हळद, कोणाची मांजर. मी चष्मा लावला, वही घेतली आणि एकेका मालकाला फोन करायला बसलो.

"बाळाराम, तुझ्या घरभरणीचे फोटो माझ्याकडे पडून आहेत. ठेवू की काढू?"

पलीकडून हळूच, "दादा, तू बरा हायस ना?"

"मला काय धाड भरलीय?"

"नाय, तीन वर्सांनी फोन केलास, म्हनून इचारला."

मी त्याला शांतपणे समजावलं, की बाबा रे, आता सगळं आवरायला घेतलंय, ज्याचं त्याला विचारून मोकळा होतोय, उगाच ओझं नको. (यात घाबरण्यासारखं काय आहे?)

दुपारपर्यंत अकरा फोन झाले. खोटं कशाला बोलू, मला मजा यायला लागली होती. महिन्याभरात मी एवढा बोललो नव्हतो! मांजरवाल्या मावसबहिणीनं तर रडायलाच सुरुवात केली. मला वाटलं, मांजर गेली असेल. मी तिचं रीतसर सांत्वन केलं.

चार वाजता बेल वाजली. दारात सुमन, मागे बाळाराम, त्याच्यामागे त्याची बायको आणि तिच्या हातात चार शहाळी. सुमननं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"दादा, खरा सांग. डाक्टर काय बोलला?"

"कुठला डॉक्टर?"

"फाइल कुठं हाय?"

मी तिला लाइटबिलांची फाइल दिली. घरात तेवढी एकच फाइल आहे. ती बघून सुमन आणखीनच हुंदके द्यायला लागली! बाळारामनं तोवर शहाळं फोडून माझ्या तोंडाला लावलं, त्यामुळे मला खुलासाही करता येईना. शहाळं संपल्यावर मी घडलेलं सगळं सांगितलं. सुमननं डोळे पुसले आणि पदर खोचला.

"फोटोपायी आमचा जीव घेतलास की रे! दे तो फोन."

सुमन गावात बचतगट चालवते; तिला फोनमधलं सगळं कळतं. तिनं दोन-तीन ठिकाणी बोट लावलं आणि फोनमधला सगळा माल वजनाप्रमाणे रांगेत उभा केला. आमच्या सगळ्या नातेवाइकांचे फोटो मिळून एक कोपरासुद्धा भरत नव्हता. सगळ्यात वर एकच व्हिडिओ होता, दोन तास चाळीस मिनिटांचा. त्या एकट्यानं अर्धी जागा खाल्ली होती. तारीख दिवाळीची.

सुमननं तो लावला. पडद्यावर मी! नवा शर्ट, केसांना तेल, नाक कॅमेऱ्याला टेकलेलं. "हॅलो? वैशू? मी दिसतोय का? मला तर मीच दिसतोय!"

मी कॉल लावलाच नव्हता. मी कॅमेरा दाबला होता! सहा महिने मी मुलीवर रुसून बसलो होतो, ते तिला न केलेल्या फोनसाठी.

बाळारामची बायको हसून हसून सोफ्यावर आडवी झाली. पडद्यावरचा मी "नेटवर्क नसेल" म्हणालो, केस पुन्हा नीट केले, चकली मोडली आणि खाता खाता खुर्चीतच घोरायला लागलो. मग मध्येच दचकून जागा झालो आणि म्हणालो, "वैशू, आलीस?"

बाळारामची बायको उठून बसली.

"एकटं वाटतं गं मला," मी सुमनला म्हणालो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच म्हणालो. आणि मग लाज वाटून, "काढून टाक तो. त्या मालाला मालक नाही."

"मी हाय ना मालकीन. मना पाठव आदी."

पण तो जाईना. फार जड होता!

"र्‍हाऊ दे," सुमन म्हणाली. "हा पुसते आन तुलाच घेऊन जाते."

व्हिडिओ पुसला आणि मीरा आली. चार पावलं चालली, धपकन बसली आणि स्वतःच स्वतःसाठी टाळ्या वाजवल्या. शेवटी हे करते ती! आम्ही चौघांनी ते इतक्या वेळा पाहिलं, की राहिलेली शहाळी संपली.

आज नववा दिवस. मी उरणला सुमनच्या ओटीवर पडून आहे. काल सुमननं वैशालीला व्हिडिओ कॉल लावला (खराखुरा!) आणि म्हणाली, "पोरी, तुझा माल माझ्याकडं पडून हाय. ठेवू की उचलतेस?"

वैशाली आधी हसली, मग रडली, मग म्हणाली, "दिवाळीला येते, आत्या. तोवर ठेव."

तेव्हा सध्या मला इथून कोणी हलवायचं नाही. मालकाला विचारलेलं आहे!