मीटरमधला एकशे अठरा

आजवर कुणालाच सांगितलं नाही ते सांगतो. चाळिशी उलटल्यावर पांढरकवड्याच्या हायवेवर एका कारशी शर्यत लावून मी मोटारसायकलवरून पडलो, आणि घरी सांगितलं की मिस्त्रीनं ब्रेक सैल ठेवले.

हा मिस्त्री स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवून त्याची मूठ कानाला लावतो न् आतला आवाज ऐकतो, आणि माणसाशी बोलतो तेही गाडीकडेच पाहून.

बायको मला घेऊन त्याच्या गॅरेजवर गेली आणि चार गिऱ्हाइकांदेखत त्याला वाट्टेल ते बोलली. तो चाक पुसत राहिला. ती गेल्यावर म्हणाला, "भाऊ, मीटरमंदी टॉप स्पीड एकशे अठरा दिसून राह्यला. वहिनीनं पाह्यला त तुमची खैर नाही. मिटवू काय?"

मी होकारार्थी मान डोलावली. त्यानं बटण दाबलं.

आज हे लिहून मोकळं वाटलं. गिऱ्हाइकांसमोर त्याची माफी मागणं मात्र अजून बाकी आहे.